लग्नघरी दिलेली डिस्क

सर्व्हर दुरुस्त करणारी बाई नेमकं करते काय, हे मी माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत समजावू शकले नाही. पाहुण्यांनी विचारलं की त्या सांगायच्या, "लोकाइचे डबे पुसून देते." एकदा मी चिडले, तर म्हणाल्या, "मंग काय खोटं हाये? काल पुसूनच राह्यली होती ना?" खोटं नव्हतं. आमच्या बुलडाणा जिल्ह्यात निम्मी दुरुस्ती म्हणजे धूळ काढणं. उरलेल्या निम्म्यातली निम्मी म्हणजे माणसांची समजूत काढणं. डोकं चालवायचं काम त्यानंतर जे काही उरेल तेवढंच, पण त्यात माझा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं, हे मी आजही छाती ठोकून सांगते.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. दुसरबीडच्या एका खतवाल्याचा सर्व्हर दर दसऱ्यानंतर बंद पडायचा. दोन वर्षं मी पार्ट बदलत बसले. तिसऱ्या वर्षी दसऱ्याच्याच दिवशी जाऊन धडकले, तर काय! पूजा मांडलेली, आणि झेंडूचा हा एवढा हार नेमका पंख्याच्या जाळीवर. पाकळ्या आत ओढल्या जाऊन पंखा जाम. मी म्हटलं, "शेठजी, याला समोरून हळदकुंकू लावा, मागून त्याला श्वास घेऊ द्या." त्यांनी हात जोडले, मला नाही, सर्व्हरला.

पण आज जी गोष्ट लिहायला बसलेय त्यात गिऱ्हाईक शहाणं होतं. चूक माझी होती.

मोताळ्याच्या अलीकडे एक बियाण्यांचं फार्म होतं. मालक वासुदेवराव. सगळे त्यांना साहेब म्हणत. सरकारी संशोधन केंद्रातून निवृत्त झालेले, उंच, कमी बोलणारे. आयुष्यभर त्यांनी एकच काम केलं. गावोगावच्या बांधांवरून जुन्या देशी कपाशीचे वाण गोळा करायचे, एकाचा दुसऱ्याशी संकर करायचा, आणि कमी पाण्यावर तगणारं झाड शोधायचं. हजारो कागदी पुड्या होत्या. कुठल्या पुडीत मूठभर सरकी, कुठल्या पुडीत मोजून अकरा बिया. पुडीवर फक्त नंबर. त्या नंबराचे आईबाप कोण, कुठल्या गावचं बी, किती बोंडं धरली, धागा किती लांब, हे सगळं कॉम्प्युटरात. आधी वह्या होत्या, त्या वाळवीनं खाल्ल्या. तेव्हा साहेबांनी कॉम्प्युटर घेतला आणि मला बोलावलं.

फार्मचा सगळा कारभार गजाननभाऊंकडे. सुपरवायझर म्हणायचं, पण नांगरटीपासून झेरॉक्स मशीनपर्यंत सगळं तेच पाहायचे. हात सोन्याचा. मी त्यांना सर्व्हरची धूळ झटकायला, डिस्क काढायला-घालायला शिकवलं होतं. त्याचा मला अभिमान होता. तो मला पुढे महागात पडला.

आता थोडं शिकवणीचं. घाबरू नका, दोन परिच्छेदांत उरकते.

लग्नाच्या स्वयंपाकात आचारी मीठ टाकण्याआधी मोठ्यानं सांगतो, "वरणात मीठ टाकून राह्यलो रे!" का? कारण तेवढ्यात त्याला कोणी हाक मारली आणि तो गेला, तर मागच्याला कळायला हवं. नाहीतर एकतर वरण अळणी, नाहीतर खारट. कॉम्प्युटरही तसंच करतो. डिस्कवर काही बदल करायचा तर आधी एका छोट्या कोपऱ्यात लिहून ठेवतो, "मी आता हे करणार आहे." मग ते करतो. मध्येच लाईट गेली, तर परत आल्यावर तो कोपरा वाचतो आणि अर्धवट काम पुरं करतो. या कोपऱ्याला जर्नल म्हणतात. त्या काळात आमच्याकडे लाईट दिवसातून दोन-तीनदा तरी जायची, त्यामुळे जर्नल म्हणजे माझा जीव की प्राण.

साहेबांच्या सर्व्हरमध्ये पाच डिस्क एका रांगेत होत्या, ज्याला ॲरे म्हणतात. पाचही मिळून माहिती सांभाळायच्या. एक मेली तरी उरलेल्या चौघी मिळून तिच्यात काय होतं ते सांगू शकतात. सोय उत्तम, पण एक खोड आहे. एक ओळ लिहायची तरी दोन-तीन डिस्कना उठवावं लागतं, जुनं वाचायचं, हिशेब करायचा, मग नवं लिहायचं. आणि जर्नल तर सतत बारीकबारीक लिहीत असतं. तेही त्याच रांगेत ठेवलं की एकेका ओळीसाठी सगळ्यांची धावपळ. नोंदी टाइप करणाऱ्या बायका वैतागल्या होत्या. "ताई, एक आकडा टाकला का हे मशीन इचारच करत बसते!" म्हणून मी जर्नल रांगेतून उचललं आणि पेटीच्या आत, बाजूला, एका वेगळ्या साध्या डिस्कवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी मशीन पळायला लागलं. साहेब पहिल्यांदाच हसले. म्हणाले, "तुम्ही काहीतरी जादू केलीत." मी पण नको नको म्हणत कौतुक पोटभर घेतलं.

नियम मला माहीत होता. जर्नल बाहेर ठेवायचं तर दोन डिस्कवर ठेवायचं, एकीवर जे ते दुसरीवर. माझ्याकडे त्या दिवशी एकच होती. दुसरी पुढच्या खेपेला लावू म्हटलं. पुढच्या खेपेला घाईत होते. त्यापुढच्या खेपेला विसरले. पुढे सगळं इतकं झकास चाललं की आठवण काढायचं कारणच उरलं नाही. त्या डिस्कवर साधी चिठ्ठीही डकवली नाही मी. बाकीच्या पाचांवर नंबर, नाव, तारीख. या सहावीवर काही नाही, कारण माझ्या डोक्यात पक्कं होतं ना ती कशाची आहे!

मे महिन्यात साहेबांनी सगळ्या पुड्यांना नवे नंबर द्यायचं काढलं. जुनं लेबल काढायचं, नवं लावायचं, आणि लगेच कॉम्प्युटरात टाकायचं की या जुन्याचा हा नवा नंबर. पंधरा दिवस हेच काम. सोमवारी दुपारी शेवटच्या पुड्या चालू असताना लाईट गेली. यूपीएसनं दोन मिनिटंही दम धरला नाही, बॅटऱ्या फुगल्या होत्या. सर्व्हर धाडकन बंद. मला फोन आला तेव्हा मी दुसरीकडे अडकले होते. मी रुबाबात सांगितलं, "काही होत नाही. मशीन तसंच बंद ठेवा. बुधवारी नव्या बॅटऱ्या घेऊन येते. लाईट गेली म्हणून काही बिघडू नये, याचीच सोय केलीय मी."

बुधवारी सकाळी बॅटऱ्या लावल्या, बटण दाबलं, आणि पडद्यावर ओळ आली की जर्नलची डिस्क सापडत नाही. केबल सुटली असेल म्हणून पेटी उघडली. केबल होती. डिस्क नव्हती. जागा रिकामी, चारही स्क्रू नीट एका कागदी पुडीत घालून तिथंच ठेवलेले. असं काम एकच माणूस करतो.

"गजाननभाऊ, इथली डिस्क कुठंय?"

"कोणती? ते रिकामी? ते तर मी देली ताई, लग्नाले."

"लग्नाला? कोणाच्या?"

"आमच्या पुतणीच्या. धामणगाव बढ्याले होतं काल. शूटिंगवाला म्हणे माह्याजवळच्या डिस्का भरल्या, नवी आणून द्याल तर लग्न राहीन, नाई तं पुढच्या लग्नासाठी मले कॅसेट पुसा लागते. मंग मी सोमवारी संध्याकायी काढली अन् भावाजवळ धाडून देली. मशीन तं बंदच होतं. आधी हापिसातल्या कॉम्प्युटरले लावून पाह्यली ना मी, तिच्यात एक फाइल नव्हती! लग्नाच्या घरी कोणी रिकाम्या चीजीले नाई म्हनते का?"

मी हातातलं झाकण खाली ठेवलं. आमच्याकडे लग्नसराईत अख्खं गाव एकमेकांना वस्तू देतं. स्वयंपाकाचे गंज, परात, सतरंजी, जनरेटर, ज्याच्याकडे जे रिकामं असेल ते, आणि विचारायचीही पद्धत नाही. त्यांनी तर उलट तपासून दिली होती. जर्नल बाहेरून पाहणाऱ्याला रिकामंच दिसतं, त्यात फाइल नसतेच.

"काऊन ताई? का झालं?" त्यांचा चेहरा उतरला.

साहेब दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी त्यांना खरं ते सांगितलं. त्या डिस्कशिवाय मला रांगेतल्या पाच डिस्क जबरदस्तीनं उघडता येतील. उघडल्यावर कदाचित शेवटच्या दहा ओळी गेलेल्या असतील, कदाचित नंबरांची सगळी यादी विस्कटलेली असेल. मला पैज लावता येणार नाही.

"बॅकअप?" साहेबांनी विचारलं.

"आहे, पण महिन्यापूर्वीचा. त्यात जुने नंबर आहेत."

जुनी लेबलं पंधरा दिवस जळणात गेली होती. साहेब पुड्यांच्या शेल्फांजवळ गेले. मग म्हणाले, "सरकी पाहून वाण ओळखता येत नाही हो. पेरावं लागतं, वाढवावं लागतं, दोन-तीन हंगाम पाहावं लागतं. माझ्याकडे तेवढे हंगाम नाहीत." एवढंच बोलले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मी गाडी काढली, गजाननभाऊंना मागे बसवलं आणि धामणगावचा रस्ता धरला. डांबर वितळायला लागलेलं, तोंडावर गरम झळा. एरवी हा माणूस अखंड बोलतो. कुठलं शेत कोणाचं, कोणाच्या विहिरीला पाणी लागलं, सगळं सांगतो. त्या दिवशी ब्र काढला नाही. एकदाच म्हणाले, "ताई, साहेब मले काढून टाकतीन का?" मी म्हटलं, "गप बसा हो, गाडी चालवू द्या." हे बोलल्याचं मला आजही वाईट वाटतं. उत्तर मला माहीत होतं आणि ते द्यायला माझी जीभ वळली नाही. काढायचंच तर मला काढायला हवं होतं.

शूटिंगवाल्या हारूनभाईचं दुकान बाजाराच्या रस्त्यावर. पुढे फोटो, मागे मिक्सिंग. तिशीतला माणूस, गळ्यात कॅमेरा, दुसऱ्या लग्नाला निघायच्या तयारीत.

"हारूनभाई, परवा लग्नासाठी जी डिस्क आली, ती फॉर्मॅट केलीत?"

"हाव ताई, केली ना. बगैर फॉर्मॅटची कशी चालंल? पूरं लग्न घेतलं तिच्यावर. मस्त आलं."

गजाननभाऊ पायरीवर खालीच बसले. संपलं सगळं, आता साहेबांना काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात. तरी सवयीनं विचारलं, "अख्खी डिस्क केली?"

"नाई, मोठावाला भाग केला. एक लहान भाग होता सुरुवातीले, त्याले नाई लावला हात. ते कंपनीचं रायते ना? आपून कंपनीच्या भागाले कधीच हात लावत नाई. जे आपलं नाई, ते पुसा नाई, हा आपला उसूल हाये."

देवाशप्पथ सांगते, त्या माणसासमोर मी रडत रडत हसले. नव्या कॉम्प्युटरच्या डिस्कवर कंपनी एक लहानसा भाग स्वतःसाठी राखून ठेवते, हे त्याला ठाऊक होतं. डिस्कच्या सुरुवातीच्या लहान भागात ठेवलेलं माझं जर्नल त्याला तेच वाटलं. दीडशे एमबीचा तो तुकडा जसाच्या तसा होता.

मी लगेच त्याच्या मशीनचं झाकण काढायला लागले. त्यानं माझा हात अडवला.

"ताई, काय करून राह्यल्या?"

"डिस्क नेते. माझी आहे ती."

"असंन तुमची. पन लग्न त्या पोरीचं हाये. कॅसेटी मी पुसल्या, आता लग्न फकत ह्याच्यातच हाये. रस्त्यात गाडी आदळली, डिस्क गेली, तं मी तिच्या बापाले काय सांगू?"

"अहो, इथं एका माणसाचं आयुष्यभराचं काम अडकलंय!"

"अन् हे का एका दिवसाचं हाये?" तो शांतपणे म्हणाला. "तुमाले लहानवालाच भाग पायजे ना? मंग लहानवालाच घेऊन जा. मोठा राहू द्या इथंच."

इतकी वर्षं या धंद्यात, आणि हे मला सुचलं नव्हतं! मला ती लोखंडी डबी नकोच होती, तिच्यातला तेवढा तुकडा हवा होता, आणि तो तर पेनड्राइव्हवर मावतो. घाबरलेलं माणूस वस्तूवर झडप घालतं. मी तेच करत होते. तेही जिथं फक्त एकच प्रत आहे अशा डिस्कवर. एकच प्रत ठेवण्यानंच तर हे सगळं झालं होतं.

पिशवीतली सीडी काढली, तिच्यावरून त्याचं मशीन चालू केलं, आणि तो लहान भाग अक्षर न् अक्षर उतरवून घेतला. एकदा नाही, दोनदा, दोन वेगळ्या पेनड्राइव्हवर. दोन्ही प्रती ताडून पाहिल्या. त्यात अर्धा तास गेला. हारूनभाईनं दुसऱ्या लग्नाला उशीर होत असतानाही थांबून चहा पाजला, आणि लाईट जायची वेळ झाली म्हणून न सांगता इन्व्हर्टरवर मशीन टाकलं. निघताना मी म्हटलं, "लग्नाची पण एक प्रत काढून ठेवा कुठंतरी." तो म्हणाला, "हाव, आज सीडीवर उतरवतोच."

मोताळ्यातून नव्या दोन डिस्क उचलल्या. फार्मवर पोचलो तेव्हा चार वाजले होते. दोन्ही डिस्क बसवल्या, जोडीनं बांधल्या, पेनड्राइव्हवरचा तुकडा त्यांच्यावर उतरवला. दोघींवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठ्या डकवल्या: "जर्नल. रिकामी दिसते, रिकामी नाही. काढू नये." मग बटण दाबलं.

मशीननं पाच डिस्क मोजल्या. जर्नल सापडलं. अर्धवट राहिलेली कामं पुरी करतंय अशी ओळ आली. ती ओळ पडद्यावर जेमतेम चार सेकंद होती. चार सेकंदांत सगळं जागच्या जागी. इतका साधा प्रकार असतो तो, नीट ठेवला तर.

साहेबांनी यादी उघडली. शेवटच्या पानावर गेले. लाईट जाण्याआधी टाकलेली शेवटची पुडी तिथं होती. त्यांनी शेल्फवरून ती पुडी काढून आणली, नंबर ताडून पाहिला, मग उगाच आणखी वीस-पंचवीस पुड्या काढून ताडल्या. सगळ्या जुळल्या. शेवटची पुडी त्यांनी लगेच परत ठेवली नाही, हातातच धरून बसले.

"चूक कशी झाली ते मला कळलं पाहिजे," ते म्हणाले.

"माही झाली साहेब," गजाननभाऊ दाराजवळूनच म्हणाले. पाठ भिंतीला, हात पुढे बांधलेले. "न इचारता चीज देली मी."

आता मात्र मी तोंड उघडलं. खरं तर सकाळीच उघडायला हवं होतं. म्हटलं, "साहेब, चूक माझी. ती डिस्क एकटी ठेवायची नसते, मी ठेवली. तिच्यावर नाव लिहायचं असतं, मी लिहिलं नाही. यांनी तर ती तपासून पाहिली, स्क्रूसुद्धा जपून ठेवले. मी तेवढंही केलं नाही. तुम्ही जादू म्हणालात ना, ती जादू नव्हती, अर्धवट काम होतं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. एवढंच. मला वाटलं होतं, मला झाडतील, निदान दुसरा कोणी बघतो म्हणतील. ते माझ्याशी बोललेच नाहीत. ते गजाननभाऊंकडे वळले. आवाज थोडा नरमला होता.

"पुतणीचं लग्न होतं, मला बोलला नाहीस. कसं झालं?"

गजाननभाऊ अगदी साध्या आवाजात म्हणाले, "मले काय माहीत साहेब. मी नाई गेलो. तुमच्या पुड्या लावून घ्याच्या होत्या ना काल. म्हनून तं डिस्क धाडली. म्हटलं, मांगून शूटिंगात पाहून घेऊ."

साहेबांनी हातातली पुडी टेबलावर ठेवली. उठले, स्वतःची खुर्ची ओढून दारापर्यंत नेली, आणि म्हणाले, "बैस."